इटालियनवाल्यांकडची झोप

मंगळवार बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते, तेव्हा मागून कुणीतरी दंडाला हात लावला. वळून पाहिलं तर अक्का. केस बरेच पांढरे झालेले, पण कपाळावरचं कुंकू तेच, मोठं आणि जरा तिरकं.

"वहिनी, येतच न्हाई तुम्ही," ती म्हणाली. "अण्णा रोज विचारतात."

मी शाळा, परीक्षा, गुडघे असं काहीबाही सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेबांची चादर हाय आमच्याकडं. धुऊन ठेवलीय. घेऊन जावा की एकदा."

"कसली चादर?"

अक्का गडबडली. मला ठाऊक असेल असं धरून ती बोलली होती, आणि मला ठाऊक नाही हे तिला आत्ता कळत होतं. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "या तुम्ही," म्हणाली. "दुपारच्याला या. गर्दी नसती." आणि काही न घेताच गर्दीत निघून गेली.

साहेब म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन तिसरं वर्ष चाललं होतं.

अण्णा आणि अक्का म्हणजे सोलापूरच्या भवानी पेठेतले इटालियनवाले. पाटीवर हॉटेलचं नाव होतं, पण ते गावात कुणाला धड उच्चारता येत नसे, त्यामुळे सगळे इटालियनवालेच म्हणायचे. घराणं तेलुगू, पिढ्यान्‌पिढ्या विणकामातलं. अण्णांचा मात्र मागावर जीव रमला नाही. ते तरुणपणी मुंबईला गेले, तिथून प्रवासी जहाजावर भांडी घासायच्या कामाला लागले आणि इटालियन आचाऱ्यांच्या हाताखाली राबत राबत स्वतः आचारी झाले. गुडघे साथ देईनात तेव्हा परत आले. घराच्या पुढच्या भागात वडिलांचा कारखाना होता. भावानं मागची बाजू घेतली, मध्ये भिंत घातली. भिंतीपलीकडे त्याचे यंत्रमाग आणि अलीकडे अण्णांचं इटालियन हॉटेल.

लोक हसले होते. भवानी पेठेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणाऱ्या माणसांना हा मैद्याच्या पट्ट्या उकडून विकणार म्हणून. अण्णांनी मनावर घेतलं नाही. दाराशी तेलाच्या डब्यांत त्यांनी इटालियन तुळस लावली होती. रस्त्यानं जाणाऱ्या म्हाताऱ्या तिला हात लावून नमस्कार करायच्या आणि अण्णा आतून ओरडायचे, "आजी, ती टोमॅटोच्या रश्श्यात घालायची हाय!" आजीबाई तरीही नमस्कार करूनच पुढं जायच्या.

माझा नवरा त्याच पेठेत वाढला. त्याचे वडील गिरणीत होते आणि त्यांची भाड्याची खोली मागांच्या एका कारखान्याच्या माडीवर होती. पुढं तो पाटबंधारे खात्यात लागला, आम्ही गावाबाहेर जुळे सोलापूरला घर बांधलं, पण काही साजरं करायचं झालं की पाय पेठेकडे वळायचे. लग्नाचा वाढदिवस, मुलाचा दहावीचा निकाल, स्कूटर घेतली तेव्हा, सगळं तिथंच. अण्णा त्याला गमतीनं साहेब म्हणायचे, कारण लहानपणी त्याला चड्डीवर गल्लीत पळताना त्यांनी पाहिलेलं. सासूबाईंना आम्ही एकदाच नेलं. त्यांनी ताटलीत बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "शेवया तिखट कशापायी केल्यात?" अण्णा पोट धरून हसले आणि त्यांच्यासाठी आतून खरोखरच दूध-साखर घालून एक वाटी घेऊन आले.

आजार आतड्याचा निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. डॉक्टर म्हणाले घरी विश्रांती घ्या, पण तो ऑफिसला जायचा हट्ट धरून बसला. रिक्षानं जायचा, संध्याकाळी रिक्षानं यायचा. आम्ही वाद घातले, मुलानं पुण्याहून फोनवर समजावलं, सासूबाई रडल्या. तो म्हणायचा, "खुर्चीत बसूनच असतो ना? घरात बसलो तर वेडा होईन." संध्याकाळी परतायचा तेव्हा चेहऱ्यावर थोडी तरतरी असायची. मला वाटायचं, चार माणसांत बसल्यामुळं असेल. मग मीही वाद घालायचं सोडून दिलं.

तो गेल्यावर मी भवानी पेठेत पाऊल टाकलं नाही. शाळेतल्या एखादीच्या घरी बारशाला जायचं असलं आणि रस्ता तिकडून असला, तर मी रिक्षावाल्याला लांबून घ्यायला सांगायची. अण्णा-अक्का दहाव्याला आले होते. अण्णा पायरीवर बसून राहिले, आत आलेच नाहीत. तेव्हाच त्यांचं काहीतरी बिनसायला लागलं होतं, पण माझं लक्ष नव्हतं.

बाजारात अक्का भेटल्यावर आठवडाभर मी घरातल्या चादरी मोजत राहिले म्हणा ना. कपाट उघडायची, बंद करायची. आमच्यातली एकच चादर बरेच दिवस दिसत नव्हती, निळ्या काठाची, मऊ झालेली. दवाखान्यात राहिली असेल असं मी धरून चालले होते. ती इटालियनवाल्यांकडे कशी गेली असेल? मनात नको नको ते येऊन गेलं. शेवटी एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी रिक्षात बसले आणि सरळ भवानी पेठ सांगितलं.

गल्ली तीच होती. मागांचा खडखडाट कोपऱ्यापासूनच सुरू झाला. हॉटेलची पाटी नवी होती, आणि दाराशी डब्यांऐवजी कुंड्या. आत फक्त एका टेबलावर कॉलेजातली एक जोडी बसली होती. गल्ल्यावर अण्णांची मुलगी होती. आता तीच सगळं बघते. मला पाहताच ती उठली, "काकू" म्हणाली आणि गल्ल्याबाहेर आली.

अण्णा भिंतीला लागून खुर्चीत बसले होते. अंगानं अगदी वाळले होते, पण दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मी जवळ जाऊन वाकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आलात?" ते म्हणाले. "बसा की."

मी काही बोलणार, एवढ्यात त्या जोडीतली मुलगी कशाला तरी खळखळून हसली. अण्णांनी झटकन तिकडे मान वळवली, ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते तिला म्हणाले. "आत साहेब झोपलेत."

मुलगी ओशाळली. मुलानं आतल्या पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्यांना ते साधंच वाटलं असणार, कुणीतरी घरातलं माणूस आत झोपलंय.  कुठले साहेब, हे मला मात्र विचारावं लागलं नाही.

अण्णांच्या मुलीनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथं अक्का ओट्यावर कणीक मळत होती. तिनं मला पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि हात तसेच पिठाचे ठेवून स्टुलावर बसली.

"ऐकलंत?" तिनं विचारलं.

"ऐकलं."

"मला वाटलं साहेबांनी नंतर तरी सांगितलं असंल तुम्हाला."

मग तिनं सांगितलं. केमो सुरू झाल्यावर माझा नवरा सकाळी ऑफिसला जायचा, सही करायचा, वरिष्ठांना सांगून दुपारी निघायचा आणि इथं यायचा. खायचा काहीच नाही. वास आला तरी मळमळायचं, म्हणून तो पुढच्या दारानं न येता बोळातून यायचा. स्वयंपाकघराच्या मागं सामानाची खोली आहे. तिथं एक लोखंडी खाट होती. त्या खाटेवर, घरून आणलेली चादर घेऊन, तो झोपायचा. संध्याकाळी अण्णा त्याला उठवायचे, तोंड धुवायला पाणी द्यायचे आणि रिक्षात बसवून द्यायचे.

"झोपायला?" मी म्हणाले. "फक्त झोपायला?"

"व्हय. गाढ झोपायचे. कूस पण बदलत नव्हते."

मला राग आला. हे सांगायला हवं, कारण नंतर जे वाटलं ते सगळं त्या रागाच्या मागून आलं. मी घरात त्याच्यासाठी खोली रिकामी करून दिली होती. खिडकीला जाड पडदे लावले होते, फोन बंद ठेवत होते, शेजाऱ्यांच्या पोरांना अंगणात क्रिकेट खेळू देत नव्हते. आणि हा माणूस तेलाच्या डब्यांत नि मैद्याच्या पोत्यांत येऊन झोपत होता. मी तसंच म्हणाले अक्काला. आवाज चढला असणार, कारण मुलीनं पडदा ओढून घेतला.

"घरी कशाची कमी होती त्याला? आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत. रोज इथं येत होता, आणि एका शब्दानं नाही?"

अक्कानं पिठाचे हात एकमेकांवर चोळले. "अण्णांनी विचारलं होतं त्यांना," ती म्हणाली. "घरी का झोपत न्हाई म्हणून. तर म्हणले, डोळा लागला की ती येती. नाकाशी बोट धरती. श्वास चाललाय का बघती. म्हणले, मला जाग येती अण्णा, पण मी डोळे उघडत न्हाई. उघडले तर तिला वाटंल, मला कळलं. मग ती जाईस्तोवर मी झोपल्यागत पडून राहतो. रात्रभर असंच चालतं."

मी दर वेळी अनवाणी जायची. दाराची कडी वाजू नये म्हणून ती आधीच काढून ठेवायची. बोट त्याच्या नाकाशी नेताना मी स्वतःचा श्वास रोखून धरायची. त्याला कळत होतं. तो डोळे मिटून माझं बोट नाकाशी सहन करत होता आणि मी परत आपल्या जागी जाऊन पडायची वाट बघत होता. आम्ही दोघं एकमेकांना फसवत एका घरात रात्री काढत होतो.

 अक्कानं पाणी दिलं. मुलीनं हलक्या आवाजात वडिलांचं सांगितलं. अण्णांची आठवण गेली दोन-अडीच वर्षं सुटत चाललीय. कधी ते जहाजावर असतात, कधी त्यांना त्यांची आई हवी असते. पण दुपार झाली की ते न चुकता याच खुर्चीत येऊन बसतात आणि राखण करतात. "आम्ही सांगायचो, काकू, की बाबा, साहेब गेले. मग ते रडायचे, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखे. दुसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी आईनं सांगायचं बंद केलं. गिऱ्हाइकांना पण सवय झालीय."

"खोली बघू का?" मी विचारलं.

खोली होती तशीच असावी. मैद्याची पोती, तेलाचे डबे, एका खिळ्यावर कांद्याची जाळी. भिंतीशी लोखंडी खाट, तिच्यावर गादी आणि घडी घातलेली निळ्या काठाची चादर. उशीसुद्धा होती. अक्का म्हणाली, अंथरूण काढलं की अण्णा अस्वस्थ होतात, म्हणून ती रोज सकाळी चादर पसरते आणि संध्याकाळी घडी करते. आज लेक माझ्याशी बोलत होती तेवढ्यात तिनं ती माझ्यासाठी घडी करून ठेवली होती. मग ती मला तिथं सोडून कामाला गेली.

खाट ज्या भिंतीला टेकवली होती ती मधली भिंत. पलीकडे माग चालू होते. मी खाटेवर बसले तेव्हा आवाज कानांत नुसता येत नव्हता, गादीतून अंगात चढत होता. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरत होती. मग मला उमगलं. तो मागांच्या वर जन्मला, मागांच्या वर वाढला. लग्नानंतर कितीदा तरी त्यानं सांगितलं होतं, की गल्लीतली पोरं खडखडाटात ढाराढूर झोपायची, आणि लाइट जाऊन माग थांबले की सगळी एकदम रडत उठायची. मी त्याच्यासाठी घर चिडीचूप करून ठेवलं होतं. त्या शांततेत त्याला स्वतःचंच सगळं ऐकू येत असणार.

मी चादर उलगडली. धुतलेली होती, साबणाचा वास येत होता, त्याचा नव्हे. तरी मी ती मांडीवर घेऊन बसले आणि डोळे मिटले.

आणि लाइट गेली.

माग एकाएकी थांबले नाहीत. एकेक करत मंदावले आणि मग गप्प झाले. अंधार झाला, खोलीला खिडकी नव्हती. इतका वेळ त्या आवाजाखाली दबलेली शांतता एकदम वर आली आणि तिच्यात मला श्वास ऐकू आला. माझा नव्हे. माझ्या मागं, जवळच, संथ चाललेला. आत जाताना जरा घासत जाणारा आणि बाहेर येताना लांब सुटणारा. शेवटच्या महिन्यांत त्याचा चालायचा अगदी तसा.

मी घाबरले नाही. वळलेही नाही. वळले तर तो थांबेल असं वाटलं. बोट नाकाशी न नेता, कान देऊन, मी तो श्वास नुसता ऐकत राहिले. कुणाला तपासायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. पाठीच्या कण्यातला ताण सैल पडत गेल्याचं तेवढं आठवतं.

मग पाय घासल्याचा आवाज आला आणि मी वळले. पडदा एका बाजूला सरला होता आणि पुढच्या दारातून येणाऱ्या उजेडात अण्णा चौकट धरून उभे होते. चालून आल्यानं त्यांना धाप लागली होती.

"उठले का?" त्यांनी कुजबुजत विचारलं. "लाइट गेली की जागे होतात ते."

मी खाटेकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांना दुरुस्त करावंसं वाटलंच नाही. वेड्याची समजूत काढावी तसंही ते नव्हतं. मी सरकून जागा केली आणि चादर खाटेवर पसरली, काठ सारखे केले.

"नाही अजून," मी म्हणाले. "झोपू द्या."

अण्णांनी मान हलवली. जरा वेळ ते खाटेकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. "आज ऑफिसात लई तरास झाला म्हणत होते," ते म्हणाले. "तुम्ही बोलू नका त्यांना."

"नाही बोलणार."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही हळूहळू पुढं आलो. ती जोडी गेली होती. अक्कानं काही न विचारता माझ्यापुढं ताटली ठेवली. हातानं लाटून कापलेल्या पट्ट्या, टोमॅटोचा रस्सा, वर लसूण, आणि बाजूला वाटीत शेंगाचटणी, जी गिऱ्हाइकांनीच त्यांना ठेवायला लावली होती. मी सगळं खाल्लं. तो गेल्यापासून इतकी भूक मला लागली नव्हती. मध्येच लाइट आली, माग पुन्हा धावू लागले, आणि अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले.

चादर मी आणली नाही. निघताना अक्कानं पिशवी पुढं केली तेव्हा मी म्हटलं, "असू दे, तिला इथं काम आहे." तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिच्या बोटांना अजून पीठ लागलेलं होतं.

त्या रात्री मुलाला फोन करून सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "आई, मला माहीत होतं की बाबा ऑफिसात नसतात. मी एकदा तिथं फोन केला होता. मग बाबांना मोबाइलवर गाठलं, तर म्हणाले, आईला सांगू नको, मी ठीक आहे. मी विचारलंच नाही कुठं असता म्हणून."  सासूबाईंना सांगावं का, यावर मी काही दिवस घालवले आणि सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "गाढ झोपायचा ना?" मी हो म्हटल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि जपाला बसल्या.

त्यानंतर शनिवारी दुपारी मी तिथं जाऊ लागले. काही खायची, अक्काशी बोलायची, अण्णांच्या शेजारी बसायची. ते मला कधी ओळखायचे, कधी नाही, पण आत साहेब झोपल्याचं मात्र सांगायचे. मीही हळूच बोलायची. शाळेत मला कुणी विचारलं असतं, की तुमचा नवरा कुठं असतो, तर त्या दिवसांत माझ्या तोंडून काय निघालं असतं कोण जाणे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अण्णांना ताप आला. दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आणल्यावर ते आणखी आत आत गेले. पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा खुर्ची दाराजवळच्या पंख्याखाली हलवलेली होती आणि ते रस्त्याकडे बघत होते. दोन कुटुंबं जेवायला आली होती, पोरं टेबलांमधून पळत होती, एकानं ग्लास पाडला. अण्णांनी मान वळवली नाही. मी वाट पाहिली. पोरं आणखी ओरडली. अण्णांचा हात मांडीवर तसाच पडून होता.

मुलगी माझ्याजवळ आली. "परवापासून काही म्हणत नाहीत," ती म्हणाली. "आईनं काल अंथरूण काढलं, तरी त्यांनी विचारलं नाही."

मी मान हलवली. तिला वाटलं, आवाजाचा मला त्रास होतोय, म्हणून ती पोरांना गप्प करायला निघाली. मी तिचा पदर धरून तिला थांबवलं.

दहाव्याला, तेराव्याला मी रडले नव्हते असं नाही, पण ते चारचौघांत होतं, आणि मला बघायला माणसं होती. त्या दुपारी मी टेबलावर डोकं ठेवून रडले. तो अजून जिथं झोपला होता अशी जगात एकच जागा उरली होती, आणि ती आता कुणाच्या डोक्यात नव्हती. अक्का येऊन शेजारी बसली. तिनं पाठीवर हात ठेवला नाही, काही समजावलं नाही. पलीकडच्या टेबलावरची बाई वळून बघत होती, तिच्याकडे अक्कानं अशी नजर टाकली की तिनं मान खाली घातली.

नंतर मी तोंड धुतलं, अण्णांपाशी गेले आणि निघते म्हणून सांगितलं. त्यांनी परक्या बाईकडे बघावं तसं, पण अगत्यानं पाहिलं.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. मग त्यांनी आत वळून तेलुगूत लेकीला हाक मारली, आणि मला परत बसावं लागलं.